गुरुवारी वाढलेले पान

हा अनुभव सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. दत्तमंदिरात गुरुवारच्या आरतीनंतर मंडळी जरा टेकतात. कुणी मोठ्या दुखण्यातून उठल्याचे सांगतो, कुणी मुलीचे अडलेले लग्न जमल्याचे, आणि मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणते, "काका, तुम्ही इतकी वर्षं इथे सेवा केलीत, तुम्हाला काही अनुभव आला असेलच की." मी हसून हात जोडतो आणि विषय दुसरीकडे जातो. अनुभव आला होता. पण तो सांगायचा तर त्याच्या आधीचे सांगावे लागते, आणि आधीचे सांगायची माझी छाती नव्हती. आता घरात मी एकटाच आहे. ज्यांच्यापुढे मान खाली गेली असती ती माणसे एकेक करून निघून गेली. लाज मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात लागलो आणि बरखेड्याला क्वार्टर मिळाले, तेव्हा आमच्या ओळीत बरीच मराठी घरे होती. कुणी पुण्याकडचे, कुणी नागपूर-अमरावतीकडचे. सगळ्यांनी मिळून एक लहानसे दत्तमंदिर उभारले होते आणि मी त्याच्या मंडळाचा सचिव होतो. वसाहत म्हणजे एक वेगळे जगच होते. रस्त्यांच्या कडेला झाडे, नळाला पाणी, मुलांना शाळा. आमच्या सहकारी दुकानात साखर आणि तेल बाहेरच्यापेक्षा स्वस्त मिळे, आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये नाममात्र पैशांत पोटभर जेवण. आमच्या ओळीच्या मागे वसाहतीची भिंत होती. भिंतीपलीकडे, आनंदनगरच्या बाजूला, नव्या शेडच्या बांधकामासाठी ठेकेदाराने बुंदेलखंडातून आणलेल्या मजुरांच्या झोपड्या होत्या. एका वर्षी काम मध्येच थांबले आणि ठेकेदार मजुरी न देताच निघून गेला. धडधाकट माणसे काम शोधायला गावोगाव पांगली. मागे म्हातारे राहिले आणि लेकुरवाळ्या बायका. त्यांना रेशनकार्ड नव्हते, कारण कार्डाला पत्ता लागतो आणि झोपडीला पत्ता नसतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास भिंतीवरून पलीकडे जात असणार. त्यापलीकडे आमचे काहीच तिकडे जात नव्हते.

आमच्या शेजारी वसंतराव राहत. माझ्याच विभागात काम करत. त्यांची बायको सिंधूवहिनी. ठेंगणी, भरभर चालणारी, बोलताना पदर कमरेला खोचलेला. भिंतीला एके ठिकाणी खिंडार पडले होते. तिथून एक म्हातारी आत येऊन आमच्या मागच्या कचऱ्यात हात घालताना वहिनींनी पाहिली, आणि त्याच आठवड्यात मंडळाच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या.

"आपण वार लावू या," त्या म्हणाल्या.

आजच्या तरुण वाचकांसाठी सांगतो. पूर्वी आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवसांची सात घरे. वहिनींचे म्हणणे असे की प्रत्येक क्वार्टरने आठवड्यातला एक दिवस घ्यायचा आणि त्या दिवशी पलीकडचे एक माणूस आपल्या घरी जेवेल. दारात उभे करून द्यायचे नाही. घरात बसवायचे, आपण जेवतो तेच वाढायचे, आणि जेवण होईपर्यंत समोर बसायचे.

"त्यापेक्षा मंदिरात खिचडीचं पातेलं ठेवू की," कुणीतरी म्हणाले. "रांग लावतील, घेऊन जातील."

"रांगेत उभं राहून भूक भागते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "माणूस तसाच उपाशी राहतो. आमच्या आईकडे नागपूरला दर मंगळवारी एक मुलगा जेवायला यायचा. आई म्हणायची, त्याच्यासमोर बसा, नाहीतर त्याला वाटेल आपण देणेकरी आहोत."

हे ऐकताना मी इतिवृत्ताच्या वहीत मान घातली. कारण तो मुलगा मी होतो.

वडील लवकर गेले. आई गावात चार घरी स्वयंपाक करायची. मॅट्रिकपर्यंत शिकावे म्हणून तिने मला नागपूरला पाठवले आणि एका ओळखीच्या गुरुजींनी माझे वार लावून दिले. शनिवारचे घर काही मिळाले नाही. शनिवारी मी सांगायचो, मारुतीचा उपास आहे. मंगळवारचे घर महाल भागात होते, अंगणात कडुनिंब. तिथल्या काकू मी जेवत असताना समोर पाटावर बसून भाजी निवडायच्या आणि दोन वेण्या घातलेली एक लहान मुलगी मीठ-लिंबू आणून ठेवायची. वहिनी आमच्या शेजारी राहायला आल्या, बोलता बोलता माहेर सांगितले, कडुनिंब सांगितला, तेव्हाच मी ओळखले होते. त्यांनी मला ओळखले नसावे, असे मी धरून चाललो. कारण तोवर बरखेड्यात मी दुसराच कुणी झालो होतो. काटोलकडे आमची संत्र्याची बाग होती, भाऊबंदकीत गेली, असे मी सगळ्यांना सांगितले होते. माझी पत्नी कुसुम, तिलाही हेच ठाऊक होते.

त्या दिवशी वहिनींनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तरी मला वाटले, पुढच्या वाक्यात ही माझे नाव घेणार. त्यांनी घेतले नाही. बैठक उरकली, वार लागले. मराठी घरांपाठोपाठ आमच्या ओळीतली मल्याळी आणि बंगाली घरेही आली. एकटे तिवारीजी तेवढे अंगणात उभे राहून ओरडत, "अरे सचिव साहब, आप मराठी लोग पूरे मोहल्ले को लंगर बना दोगे! कल को मेरी खाट पर कोई सोया मिलेगा तो मैं आपके घर सोने आऊँगा." पुढे कळले की त्यांच्या बायकोने त्यांना न विचारताच बुधवार घेतला होता, आणि बुधवारी तिवारीजी मुद्दाम उशिरा घरी यायचे, म्हणजे ओरडावे लागू नये.

आमच्या घराला गुरुवार आला. गुरुवारी माझा दत्ताचा उपास. मी साबुदाण्याची उसळ खाऊन बाहेरच्या खोलीत पोथी वाचत बसे, आणि आत स्वयंपाकघरात कडोरीबाबा नावाचा एक म्हातारा जेवत असे. त्याच्या जेवण्याचा आवाज येत नसे. हेच मला सहन होत नव्हते. आवाज न करता जेवायचे, पोळी दुसऱ्यांदा मागायची नाही, ताटात शीत ठेवायचे नाही, हे सगळे मला ठाऊक होते. जेवून झाले की तो मोरीत जाऊन ताट घासायचा आणि भिंतीशी पालथे घालून ठेवायचा.

कुसुम म्हणायची, "रहने दो ना बाबा, मैं मांज लूँगी."

"नईं बिन्नू," तो लेकीला म्हणावे तसे म्हणायचा, "जौन खाए, सो मांजे."

कुसुम हसायची. तिला त्या म्हाताऱ्याचा लळा लागला होता. मी पोथीच्या पानावर बोट ठेवून बसलेला असायचो, आणि ओळ पुढे सरकायची नाही. ते पालथे ताट पाहिले की मला माझे चौदा-पंधरा वर्षांचे हात दिसायचे. वाटायचे, हा म्हातारा सगळ्यांना सांगतो आहे मी कोण ते. ज्याचा उपास धरला होता तो देव स्वतः झोळी घेऊन दारोदार फिरतो, हे मी हजारदा वाचले होते. गुरुवारी झोळी घेऊन माझ्या घरी कोण येते आहे, हे मात्र मला सुचले नाही.

मग एकदा नवरात्रात वहिनी सहज म्हणाल्या, "भाऊजी, नागपूरच्या घरची एक गंमत सांगायची आहे तुम्हाला. कधीतरी निवांत." माझी खात्री झाली की आता हे बाहेर येणार. दुसऱ्याच दिवशी मी वसाहतीच्या कचेरीत गेलो. तिथले एक अधिकारी माझ्या ओळखीचे होते. मी तक्रार केली नाही, मोठ्याने बोललो नाही. चहा घेता घेता एवढेच म्हणालो, "मागच्या भिंतीला खिंडार आहे. भर दुपारी बाहेरची माणसं क्वार्टरांत शिरतात, पुरुष ड्यूटीवर असतात. उद्या काही झालं तर?" एवढे पुरे होते. त्या अधिकाऱ्याचा दोष नाही. मंदिराचा सचिव सांगतो म्हटल्यावर त्याने का ऐकू नये?

गवंडी आले. वहिनी धावत माझ्याकडे आल्या. हाताला कणीक तशीच लागलेली.

"भाऊजी, तुम्ही सचिव आहात, तुमचं ऐकतील. एकदा कचेरीत जाऊन बोला ना. निदान एक दार ठेवा म्हणावं."

"बोलतो," मी म्हणालो.

सायकल काढली, कोपऱ्यापर्यंत गेलो, पानाच्या टपरीशी उभा राहिलो आणि परत आलो. "बोललो वहिनी. ऐकत नाहीत."

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "तुम्ही प्रयत्न केलात," त्या म्हणाल्या.

खिंडार बुजले. मोठ्या फाटकावर चौकीदार बाहेरच्यांना आत सोडेना. सगळे धरून चालले की तक्रार तिवारीजींनी केली. त्यांच्याशी ओळीतल्या लोकांनी बोलणे टाकले, संक्रांतीला त्यांच्या घरी कुणी तिळगूळ द्यायला गेले नाही. तिवारीजी मला म्हणाले, "साहब, मैं चिल्लाता हूँ, चुगली नहीं करता. आप तो जानते हैं." मी जाणत होतो. मी गप्प राहिलो. कुसुम पुढचे काही गुरुवार कडोरीबाबाचे ताट मांडत राहिली, मग तिने मांडणे सोडले. तो पुढे कुठे गेला, जगला की नाही, मला माहीत नाही. ते जाणून घ्यायला दहा मिनिटे चालत जावे लागले असते. मी गेलो नाही.

वर्षे गेली. वसंतराव निवृत्त झाले आणि ते दोघे नागपूरला मुलीकडे गेले. निरोपाला मी भाषण केले, चांगले केले. मीही निवृत्त झालो आणि आम्ही साकेतनगरला लहानसे घर घेतले, मोठ्या रुग्णालयाच्या बाजूला. गुरुवारचा उपास चालूच होता. मधुमेह जडल्यावर डॉक्टरांनी मनाई केली, तरी मी सोडला नाही. आता वाटते, मी तो देवासाठी धरतच नव्हतो. शनिवारी मारुतीचे नाव सांगून भूक लपवायचो, गुरुवारी दत्ताचे नाव सांगून दुसरे काही लपवत होतो.

मग कुसुमचे दुखणे निघाले. पोटात गाठ. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली ती गुरुवारची. मुलगा परदेशी, त्याला रजा मिळेना. सकाळी तिला आत नेताना तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "काहीतरी खाऊन घ्या हं." मी मनाशी ठरवले की ती सुखरूप बाहेर येईपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाही. बाहेर कडक ऊन होते. रुग्णालयाच्या आवारात झाडाखाली बाकांवर, जमिनीवर चादरी पसरून, दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे बसली होती. प्रत्येकाचे कुणीतरी आत होते. मी त्यांच्यातच एका कट्ट्यावर टेकलो. सांगितलेली वेळ उलटून गेली तरी कुणी हाक मारेना. मी देवाशी भांडू लागलो. इतकी पारायणे केली, मंदिर सांभाळले, एक गुरुवार चुकवला नाही, आणि तू हे करतोस? मग भांडण संपले आणि नुसते काकुळतीचे मागणे उरले. मग तेही संपले. हात थरथरू लागले, घाम सुटला, समोरची माणसे पाण्यातल्यासारखी हलू लागली. आवाज देण्याइतकेही बळ नव्हते. त्या क्षणी, सुटण्याचे सगळे मार्ग संपल्यावर, मी मनात म्हणालो, "मला भूक लागली आहे." देवाला मी इतक्या वर्षांत कधी हे सांगितले नव्हते. कुणालाच सांगितले नव्हते.

"बाबूजी, खाना खा लो."

समोर एक मध्यमवयीन बाई. साधी सुती साडी, हातात झाकलेली थाळी, खांद्याला पाण्याची बाटली. मी मान हलवली. कसाबसा म्हणालो, "उपवास है."

"किसका?"

"दत्त महाराज का."

"तो उन्हीं ने भेजा होगा मुझे," ती म्हणाली, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत खाली फडके पसरून बसलीसुद्धा. "देखो बाबूजी, मैं गुरुवार वाली हूँ. गुरुवार को एक जने को अपने सामने बिठा के खिलाए बिना घर नहीं जा सकती. आज इतनी भीड़ में मेरी नज़र आप ही पर पड़ी. अब आप मना करोगे तो मैं भी भूखी बैठूँगी. फिर दोनों को भर्ती करना पड़ेगा."

पलीकडची एक म्हातारी खुदकन हसली. "खा ले भैया, ये मानने वाली नहीं है. कल वाली भी ऐसी ही थी."

मी घास घेतला. पोळी, तुरीची डाळ, दुधीची भाजी. डाळीत जरा जास्त मीठ. ती माझ्यासमोर बसून राहिली. बघत नव्हती, तोंडातल्या तोंडात काही गुणगुणत फडक्याचे टोक सारखे करत होती, पण उठली नाही. हळूहळू डोळ्यांपुढचे हलायचे थांबले.

"गुरुवार वाली मतलब?" मी विचारले.

"हम आनंद नगर की औरतें हैं. कुछ इधर साकेत नगर की भी जुड़ गई हैं. सबने एक-एक वार बाँध लिया है. आप तो मराठी लगते हो, आपको पता होगा, वार लगाना. मराठी चीज़ है."

घास हातात राहिला. मी विचारले, हे तुम्हाला कुणी शिकवले.

"मेरी सास बताती थीं. वो लोग तब झुग्गी में थे, कॉलोनी की दीवार के उधर. एक मराठी भाभी ने अंदर बुला-बुला के खिलाना शुरू किया. फिर किसी ने दीवार चुनवा दी. सास कहती थीं, हमने सोचा, चलो, खेल खतम. तीसरे दिन देखा तो भाभी बड़े फाटक से घूम के, पूरी धूप में, सिर पर टोकरी रखे चली आ रही हैं. बोलीं, तुम मेरे घर नहीं आ सकते तो क्या, मैं तो तुम्हारे घर आ सकती हूँ. फिर उन्हीं ने झुग्गी में ही वार लगवाए. जिस घर में आज मज़दूरी आई, आज उसका वार. जिसके यहाँ कुछ नहीं, वो खाएगा. कल उसका चूल्हा जलेगा तो दूसरा खाएगा. सास बोलती थीं, दीवार नहीं बनती तो हम खाने वाले ही रह जाते, खिलाने वाले नहीं बनते."

खिंडार बुजल्यावर सिंधूवहिनी रोज दुपारी कुठे जातात हे ओळीत कुणाला माहीत नव्हते. आम्हाला वाटायचे, शिवणाच्या वर्गाला.

मी जेवलो. उठून नळाशी गेलो, थाळी घासली आणि कट्ट्यावर आणून पालथी घातली. ती म्हणाली, "अरे बाबूजी, उल्टी क्यों रख दी? और आप क्यों माँज रहे हो?" मी रडत होतो, आणि तिला वाटले आत असलेल्या माणसासाठी रडतो आहे. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ठीक हो जाएँगी." तेवढ्यात वरून कुसुमचे नाव पुकारले गेले. गाठ निघाली होती. ती शुद्धीवर येत होती.

मी यावर वाद घालत नाही. रोज तिथे कुणी ना कुणी थाळी घेऊन येत होतेच, त्या गुरुवारीही आले असते, आणि कुणापुढे तरी बसलेच असते. माझ्यापुढे बसले, एवढेच मी सांगतो. ज्या अन्नाची वाट मी अडवली होती, तेच फिरून मला शोधत आले आणि मला न ओळखता माझ्यासमोर बसले.

कुसुम घरी आल्यावर मी तिला सारे सांगितले. वार, संत्र्याची बाग, कचेरीतला चहा, पानाची टपरी. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "मला कशाला सांगता? त्यांना सांगा." तिला उठता-बसता येऊ लागल्यावर आम्ही शुक्रवार घेतला. ती पोळ्या लाटायची, मी थाळी घेऊन आवारात जायचो. पहिल्या दिवशी कुणापुढे बसावे हे मला कळेना, इतका मी संकोचलो. द्यायला हात पुढे करणेही मला घ्यायच्या इतकेच जड गेले.

आणि मी नागपूरला गेलो. वसंतराव तोवर वारले होते. वहिनी मुलीकडे होत्या, गुडघे गेलेले, केस पांढरेशुभ्र, पण स्वयंपाक अजून स्वतःच करत. मला पाहून इतक्या आनंदल्या की मी मनात जुळवून आणलेले पहिले वाक्यच विसरलो. "आधी जेवण, मग गप्पा," म्हणाल्या. पान मांडले, वाढले आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. कुसुमची चौकशी केली, मंदिराची केली, तिवारीजींची केली. "बिचारा," म्हणाल्या, "त्याच्यावर मात्र उगाच आळ घेतला सगळ्यांनी. त्याने नव्हतं केलं ते." मी भात खात होतो. वाटले, आता बोलावे. माझी वाटी रिकामी झाली होती. त्यांनी न विचारता वरण वाढले.

मी म्हणालो, "पुरे वहिनी."

"तुम्ही मागणार नाही, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हाही मागायचा नाहीत. आई मला खुणावायची, वाढ गं त्याला."

त्या हसत होत्या. लहान मुलीसारख्या. त्यांना पहिल्यापासून माहीत होते. इतकी वर्षे शेजारी राहिल्या, माझ्या संत्र्याच्या बागेच्या गोष्टी ऐकल्या आणि एकदाही कुणापाशी शब्द काढला नाही. नवरात्रात जी गंमत सांगायची होती ती हीच, आणि ती त्या फक्त मलाच सांगणार होत्या, निवांतपणी. त्या गमतीला भिऊन मी काय केले, हे माझ्या ओठांपर्यंत आले. पण तोंडात घास होता आणि डोळ्यांत पाणी, आणि त्यांना वाटले मला त्यांची आई आठवली. "पुरे आता, जेवताना रडू नये," त्या म्हणाल्या. मी जेवलो. मग त्यांची मुलगी आली, चहा झाला, गाडीची वेळ झाली. कुसुमसाठी त्यांनी लोणचे बांधून दिले. घरी आल्यावर कुसुमने विचारले, "सांगितलंत?" मी मान हलवली. ती हो अशी हलली. तेही खोटेच.

पुन्हा जाईन म्हणता म्हणता वहिनी गेल्याचा फोन आला. नंतर कुसुमही गेली. शुक्रवार मी अजून चालवतो, पोळ्या विकत आणतो. गुरुवारचा उपास सोडला आहे. गुरुवारी दुपारी आनंदनगरच्या त्या बाई आवारात आल्या की कधी कधी मी त्यांच्यासमोर जाऊन बसतो आणि त्या वाढतील ते खातो. शरण जायचे म्हणजे देवापुढे डोके टेकवायचे, असे मी आयुष्यभर समजत होतो. डोके टेकवणे सोपे असते. भुकेलेला हात पुढे करणे आणि तो आपला आहे असे म्हणणे, हे मला म्हातारपणी थोडेसे जमू लागले आहे, आणि ज्याने हे शिकवायला इतकी माणसे माझ्याकडे पाठवली त्याचे उपकार मला फिटायचे नाहीत. देवाने मला क्षमा केली असेल, असे वाटते. पण जिची मागायची तिच्याकडे मागायची राहिलीच. रोज संध्याकाळी दिवा लावताना मी ते वाक्य जुळवतो, आणि म्हणायला समोर कुणी नसते. म्हणून इथेच म्हणतो.

वहिनी, भिंतीचे ते खिंडार तिवारीजींनी नाही, मी बुजवायला लावले. तुम्ही हात जोडलेत तेव्हा मी कचेरीत गेलोच नव्हतो. तुम्ही मला ओळखाल म्हणून घाबरलो, आणि तुम्ही तर मला ओळखूनच जेवायला वाढत होतात. माझे चुकले. मला क्षमा करा.